झुंबरबाईचा फौजदार

वलवणच्या झुंबरबाईकडे दोन जीव होते, ज्यांची तिला सारखी काळजी असे. एक नवरा महिपती, आणि दुसरा कोंबडा फौजदार. दोघांत फौजदार जास्त कामाचा होता, असं तिचं मत होतं आणि ते ती महिपतीपासून लपवत नसे.

महिपती रेल्वेच्या गँगमध्ये होता. एका पावसाळ्यात घाटात भिजून त्याला असा ताप भरला की आठवडाभर तो घरातल्या माणसांना स्टेशनांची नावं घेऊन हाका मारत होता. झुंबरबाईला त्यानं ‘तळेगाव’ म्हटलं, तेव्हा ती घाबरली. वेशीबाहेरच्या म्हसोबापुढं जाऊन म्हणाली, “ह्यो उठू दे, तुला कोंबडा देईन.” महिपती उठला. त्याच दिवशी खुडूक कोंबडीखालून जे पहिलं पिल्लू बाहेर आलं, ते देवाच्या नावानं राखलं गेलं. घाईत घडलेल्या ह्या दोन गोष्टींबद्दल झुंबरबाईला पुढं बराच विचार करावा लागला.

कारण पिल्लू वाढलं ते भलतंच देखणं. तांबडी मान, हिरवी-काळी शेपटी, आणि पोलिसठाण्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखी चाल. खाण्यात त्याचा हात धरणारा मावळात नव्हता. लोणावळ्याच्या एका बंगल्याचा खानसामा अंडी न्यायला आला, तर फौजदारानं त्याच्या कोटाचं बटण खाल्लं आणि दुसऱ्या बटणाकडे बघत उभा राहिला.

नवस फेडायची वेळ आली की झुंबरबाईला अडचण आठवे. पहिल्या वर्षी ती म्हणाली, “चिमणीएवढा हाय. देवाच्या दाढंला तरी लागंल का?” दुसऱ्या वर्षी त्याची पिसं झडत होती. “असा उघडाबोडका न्यायचा व्हय देवाम्होरं? आपली काय अब्रू?” तिसऱ्या वर्षी तो नुसताच उदास होता.

इकडे महिपतीला खोकला आला की तो आधी छाती चोळी आणि मग फौजदाराकडे बघे. नवस राहिला तर ताप परत येणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी एकदा तो जेवताना ठसकला आणि ताटावरून उठला. “झुंबरे, सरळ सांग. म्या पायजे का कोंबडा?”

झुंबरबाईनं विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला. तेवढ्यानं महिपती घाबरून कोंडाजी भगताकडे गेला आणि येता मंगळवार ठरवून आला.

आता म्हसोबाची एक रीत होती. कोंबडा कापण्याआधी त्याच्यापुढं पानावर तांदळाचे दाणे ठेवायचे. त्यानं टिपले तर देवाला तो मान्य. टिपले नाहीत तर मान्य नाही. मग सुरीला हात लावायचा नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं, कारण आंबेमोहोर समोर आल्यावर कुठला कोंबडा थांबतो?

मंगळवारी पहाटेच झुंबरबाई बांधावरून वाळवीचं अख्खं वारूळ पाटीत घालून घेऊन आली. वाळवी संपल्यावर भाकरीचा कुस्करा, कुस्कऱ्यावर भिजवलेली नाचणी. फौजदार खात राहिला. त्याच्या गळ्याखालची पिशवी फुगून मोठ्या लिंबाएवढी झाली आणि तो पाय फाकून चालू लागला. झुंबरबाईनं त्याला उचललं आणि भक्तिभावानं म्हसोबाकडे निघाली.

तिथं वडिवळ्याची धोंडाबाई येऊन बसली होती. ही तिची मावसबहीण. ती कामशेतला गाडी धरून लोणावळ्याच्या बाजाराला कोंबड्या आणत असे. नवसाचं जेवण आहे म्हटल्यावर डालगं घेऊन आधी इकडेच आली. डालग्यात एक काळी तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली.

“अक्का, ह्येच्या गळ्याला काय झालंय?” तिनं फौजदाराकडे बघून विचारलं.

“थंडीनं सुजलाय.”

“चैतात?”

“तुला जेवायला बोलावलंय न्हवं? मग गप बस.”

कोंडाजीनं शेंदूर लावला, पानावर तांदूळ ठेवले, फौजदाराला समोर सोडलं. फौजदारानं तांदळाकडे पाहिलं आणि मान फिरवली. पुन्हा वळवला, पुन्हा मान फिरवली. मग त्यानं डोळे मिटले.

“देवाला नगं असंल,” झुंबरबाई जड आवाजात म्हणाली.

“थांबायचं,” कोंडाजी म्हणाला. नवसाच्या कोंबड्याची एक तंगडी भगताची असते. त्यामुळे देवाच्या मनाचा थांग लागेपर्यंत थांबायला तो नेहमीच तयार असे.

मग सगळे जांभळीच्या सावलीत बसले. महिपती तेवढा पानासमोरून हलेना. बहिणींच्या गप्पा सुरू झाल्या.

“तुज्या पांढरीनं किती पिल्लं काढली?” झुंबरबाईनं विचारलं.

“काय सांगू! वीज कडाडली आन् निम्मी अंडी गेली.”

“इजंसाठी पाटीत खिळा ठेवला व्हता का?”

“ठेवला व्हता की. आमच्या सासऱ्यानं काढून न्हेला, चप्पल ठोकायला.”

“माज्याकडं मुंगसानं दोन न्हेल्या. त्येच्यामागं पळताना म्या पाठीवर पडले तर ह्ये म्हनत्यात, भाकर कुटं हाय?”

“दाजी तरी इचारत्यात. आमचे न इचारता खात्यात.”

महिपतीनं मागं वळून पाहिलं. तेवढ्यात धोंडाबाईची तलंग, जी सकाळपासून गाडीत उपाशी होती, डालग्याची फट वाकवून बाहेर आली.

फौजदारानं डोळे उघडले. त्यानं एक पंख खाली सोडला, मान ताठ केली आणि फाकलेल्या पायांनी तो तडक पानाकडे गेला. टुक टुक करत त्यानं एक दाणा चोचीत उचलला.

“टिपला!” महिपती ओरडला आणि त्यानं लोटांगण घातलं.

झुंबरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण फौजदारानं दाणा गिळला नाही. तो तलंगेच्या पुढं नेऊन ठेवला. तिनं खाल्ला. त्यानं दुसरा आणला. महिपती लोटांगणातून उठेपर्यंत पान रिकामं झालं होतं.

कोंडाजीनं रिकामं पान उलटून पाहिलं.

“टिपलं ह्यानं,” कोंडाजी हळूहळू म्हणाला, “पन खाल्लं हिनं.”

धोंडाबाईनं झटकन तलंगेवर डालगं पालथं घातलं आणि वर बसली. “माजी कोंबडी कुनाच्या बी नवसाची न्हाई. सांगून ठिवते, भगतभाऊ!”

“भगतभाऊ,” झुंबरबाई पुढं सरसावली, “देवाम्होरं तांदूळ कुनी कुनाला वाहिलं ते तरी बगा. ह्ये तर लगीन लागलं!”

“कुनाला इचारून?” धोंडाबाई डालग्यावरूनच ओरडली.

“पोरगा नाकारायजोगा हाय का?”

धोंडाबाईनं फौजदाराची शेपटी पाहिली. तिच्याकडचा कोंबडा आंधळा आणि वयस्कर होता. ती डालग्यावरून उठली.

कोंडाजीनं डोळे मिटून घेतले. तंगडी गेली हे त्याला कळलं होतं. आता अब्रू राखायची होती. “देवानं त्याला मागितला बी न्हाई, सोडला बी न्हाई. देवानं त्याला राखलाय. पन देवाम्होरं आनलेलं देनाऱ्याच्या घरी परत जात न्हाई. त्यो धोंडाबाईच्या घरी जाईल.”

“आन् माजं काय?” महिपतीनं विचारलं.

“त्यो हाय तवर तू बी हायस.”

झुंबरबाईनं फौजदाराला स्वतःच्या हातानं डालग्यात ठेवलं. महिपतीच्या आजारपणात आलं नव्हतं तेवढं पाणी तिच्या डोळ्यांत आलं.

त्या दिवसापासून महिपतीच्या वागण्यात फरक पडला. सुट्टी मिळाली की तो वाळवीचा पुडा घेऊन वडिवळ्याला जाई, खुराड्याला कडी नवी बसवी, मुंगसाची बिळं बुजवी. फौजदार शिंकला तर हा दोन दिवस अंथरूण सोडत नसे. लोणावळ्याच्या बाजारात दोघी बहिणी भेटल्या की आधी तेवढंच बोलणं होई.

“फौजदार कसाय?”

“बरा हाय. दाजी?”

“मग ते बी बरंच.”

काही वर्षांनी एका बाजाराच्या दिवशी ‘फौजदार कसाय?’ म्हटल्यावर धोंडाबाईनं डोळ्याला पदर लावला. झुंबरबाई त्याच गाडीनं तिच्याबरोबर वडिवळ्याला गेली. अंगणात तांबड्या मानेचा, हिरव्या-काळ्या शेपटीचा कोंबडा फिरत होता. फौजदाराचाच मुलगा, चाल तीच, फक्त डाव्या पायाला नखी लहान. झुंबरबाई त्याच्याकडे बघत पायरीवर बसली. दोघींनी चहा घेतला. पुढच्या सुट्टीला महिपती जाणार होता.

तो गेला, वाळवी घातली आणि संध्याकाळी फार खुशीत परत आला. “झुंबरे, एवढं वय झालं त्याचं, पन तुरा बघ कसा लाल! दिवसेंदिवस तरना व्हतोय.”

“व्हय,” झुंबरबाई चुलीत फुंकत म्हणाली, “देवानं राखलाय.”

महिपती पेन्शनीत निघाला तेव्हा वडिवळ्याला चौथा फौजदार होता. खोकला महिपतीला तेव्हाही येई. पण आता खोकून झालं की तो झुंबरबाईकडे बघून नुसता हसे.