गाडीत परकं कोण बसतं

वडिलांमागे त्यांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. पांढरा रंग पिवळट पडलेला, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, आणि पुढचं डावं दार आतून उघडायचं तर आधी खांद्यानं ढकलावं लागायचं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तेवढी एकच गाडी. तालमीच्या भिंतीला लागून उभी असायची. कुणाच्या पोटात कळ आली, कुणाची लेक बाळंतपणाला निघाली, की लोक आमचं दार वाजवून सरळ "गाडी काढा" म्हणायचे. पेट्रोलचं विचारायची पद्धत नव्हती. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला सहा-सात जण कोंबून बसायचे. मला लहानपणापासून या सगळ्याचा वैताग यायचा आणि तो मी फारसा लपवायचोही नाही.

या मंडळींत कायमची म्हणजे शेजारची मावशी. नात्यातली नव्हे, पण सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. पायानं चालवायच्या मशीनवर ब्लाउज आणि परकर शिवून ती पोट भरायची. गाडीच्या सीटची कव्हरं तिनंच शिवली होती, पडद्याच्या उरलेल्या कापडाची, निळ्या फुलांची. खंडेनवमीला गाडीला पहिलं कुंकू तिचं. मागं बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ड्रायव्हरशेजारची जागा तिची. माझ्या बायकोनंही त्या जागेवर कधी हक्क सांगितला नाही.

वडील दरवर्षी गाडीचा फुल इन्शुरन्स काढायचे. मी हायस्कुलात गणित शिकवायचो आणि मला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा. आपल्या गाडीनं रस्त्यावरच्या कुणाचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, तो थर्ड पार्टी विमा. तो कायद्यानंच सक्तीचा. पण त्याच्यावर जादा हप्ता भरायचा तो स्वतःच्या गाडीसाठी, अशी माझी समजूत. आणि गाडीची किंमत तर दर पावसाळ्यात गंजून खाली येत होती. दोन-चार वर्षांच्या हप्त्यांतच ती सगळी वसूल झाली असती. मी वहीच्या मागच्या पानावर तसं मांडून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मामंजी काय उगीच भरत होते का?" मी म्हणालो, "होय, उगीचच."

विम्याचं काम बघणारे गृहस्थ वडिलांच्या ओळखीचे. स्कूटरला कापडी पिशवी अडकवून घरी यायचे, अर्ध्या कपापेक्षा जास्त चहा घ्यायचे नाहीत.

"सर, फुलच घेऊया की," ते म्हणाले.

"कशाला? आता पत्र्याची किंमत उरलीय हिची."

"ते हाय. पण गाडीत परकं कोण बसतंय का?"

"परकं कोण बसणार? आमच्या गल्लीतलीच माणसं असतात."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मग बघा, तुमची मर्जी," म्हणाले. कमिशन बुडालं म्हणून त्यांचं तोंड उतरलंय, असं मला वाटलं. थर्ड पार्टीच्या कागदावर मी सही केली. सही करताना मी खूश होतो हे आज लिहितानाही लाज वाटते.

पौषातली पौर्णिमा होती. वाडीहून परत येताना गाडीत आम्ही सहा जण. मावशीच्या मांडीवर कवठाच्या बर्फीचा पुडा होता, गल्लीत वाटायला घेतलेला. शिरोळ सोडलं आणि उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. तिला ओलांडून डाव्या बाजूला येतोय तोच एक शेळी आडवी आली. मी गाडी आणखी डावीकडे घेतली. तिकडे चिंचेचं झाड होतं. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्ता कोरडा होता, ब्रेकही ठीक होते. चूक माझी होती. मागं बसलेल्यांना मुका मार लागला, मला कपाळावर दोन टाके पडले. झाडाला लागली ती डावी बाजू, मावशीची. ते दार खांद्यानं ढकलूनही उघडलं नाही. लोकांनी पहार लावून उघडलं.

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. खाटेजवळ स्टूल ओढून म्हणाला, "मावशी, तक्रार कुणावर लिहू?"

"तक्रार कसली?" मावशी म्हणाली. "घरचीच गाडी हाय."

मी तिथंच उभा होतो. मला वर बघवलं नाही.

चार दिवसांनी मी विम्याच्या गृहस्थांना गाठलं. गाडीचं जाऊ दे म्हणालो, मावशीच्या मोडलेल्या पायाचं काय मिळेल तेवढं सांगा. त्यांनी पॉलिसी दोनदा वाचली, तरी उत्तर त्यांना पहिल्यापासून माहीत असावं.

"मिळायचं न्हाय, सर. थर्ड पार्टीत गाडी ज्याला धडकली त्याला मिळतंय. आत बसलेल्याला न्हाय. फुल असती तर आतल्या माणसांचंबी आलं असतं. म्हणून तर इचारलं हुतं."

म्हणजे मावशी त्या रस्त्यानं चालत असती आणि मी तिला उडवलं असतं, तर तिला भरपाई मिळाली असती. माझ्या शेजारी बसली होती म्हणून काही नाही. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. एवढं स्पष्ट का नाही सांगितलं, म्हणून मी भर रस्त्यात त्यांच्यावर आवाज चढवला. ते ऐकून घेत राहिले. आता वाटतं, त्यांनी विचारलं होतं ते साधंच होतं. मी गाडीची किंमत काढत बसलो होतो, आणि वडिलांनी गाडीत बसणारी माणसं धरली होती. ते कधी बोलले नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही.

दवाखान्याचं जमेल तेवढं मी केलं; त्याचा पाढा इथं वाचत नाही. पायात स्टीलची पट्टी बसली, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं गेलं. मावशी हातानं बटणं लावायची आणि काजं करायची, त्याचे काय मिळत असतील ते मिळत. गाडी दुरुस्त होऊन तालमीच्या भिंतीला आली, पण आमचं दार कुणी वाजवलं नाही. लोक चौकातून रिक्षा आणू लागले, पौर्णिमेला एसटीनं जाऊ लागले. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. लहानपणापासून हवी होती ती शांतता मला मिळाली होती, आणि ती सोसवत नव्हती.

पुढच्या वर्षी मी फुल इन्शुरन्स काढला. कागद घेऊन का कोण जाणे, थेट मावशीकडे गेलो. ती पाय लांब करून बटण लावत बसली होती.

"कसला कागद रं?"

"गाडीचा विमा, मावशी. आत बसणाऱ्यांचाही धरून काढलाय यंदा."

तिनं दातानं दोरा तोडला. "बरं केलास," म्हणाली. मग म्हणाली, "कोण कोण बसतंय आता?"

त्यात टोमणा नव्हता. वर्षभर ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती, तिला खरंच माहीत नव्हतं.