गोणपाटात गुंडाळलेली पाती

आमच्या घरची चूल भट्टीकडं बघून पेटायची. भट्टीला काम असलं की भाकरीसोबत वरण, नसलं की भाकरी आणि ठेचा, आणि भर पावसाळ्यात, जेव्हा कोणाचंच लोखंडाचं काम नसतं, तेव्हा कण्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, लोहार. पूर्वी सुगी झाली की गावातले शेतकरी घरी ज्वारी आणून टाकायचे आणि वर्षभर आप्पा त्यांची खुरपी, विळे, फाळ नीट करून द्यायचे. ट्रॅक्टर आला आणि फाळ गेले. मग कमलनगरच्या दुकानात कारखान्याची खुरपी लटकायला लागली. ज्वारी बंद झाली. बंद झाली असं कोणी येऊन सांगितलं नाही. एका सुगीला आली नाही, इतकंच.

आप्पा लोखंड धरायचे आणि माय घण मारायची. लोहाराच्या घरात बायकोनं घण मारायचा ही रीतच आहे, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. मायला मात्र आज उजवा हात डोक्याच्या वर नेता येत नाही, वेणी मी घालते. मी भाता चालवायची. एका हातानं भाता आणि दुसऱ्या हातात पुस्तक. पुढं कमलनगरला कॉलेजात गेले तेव्हा जीपमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावायची, कारण माझ्या केसांना कोळशाचा वास यायचा. मी सरकून बसायची नाही. पैसे मीही दिलेले असायचे.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी मान वर करून सांगते आणि सांगत राहणार. त्यानंतर मराठी शाळेत अतिथी शिक्षक म्हणून लागले. अतिथी म्हणजे जूनमध्ये बोलावतात, परीक्षा झाल्या की घरी, आणि पुढच्या जूनचं काही खरं नाही.

अशाच एका मार्चमध्ये आप्पांना लकवा झाला. डावं अंग गेलं. बीदरला दवाखान्यात नेलं, बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालायला लागले, पण डावा हात आला नाही. आणि आप्पा डावरे. हातोडा, कानस, सगळं डाव्या हातानं. उजवा हात त्यांना जेवण्यापुरता.

भट्टी थंड झाली. राहिली ती गोणपाटात गुंडाळलेली पाती.

ती पाती सुऱ्यांची होती. कमलनगरच्या बाजारात मटणाचं दुकान असलेले एक चाचा आहेत. मी लहान होते तेव्हापासून त्यांच्या सगळ्या सुऱ्या आप्पांच्या हातच्या. दर बकरीदच्या आधी ते स्वतःसाठी आणि भोवतालच्या गावांतल्या त्यांच्या भाऊबंदांसाठी नव्या सुऱ्या करून घ्यायचे. त्या वर्षीची पाती आप्पांनी आजाराच्या आधीच घडवून ठेवली होती. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा तापवून, ठोकून, पाणी देऊन. पाणी देणं म्हणजे लाल पातं पाण्यात बुडवून त्याला कडक करणं. आप्पा फक्त धारेच्या बाजूला पाणी द्यायचे, मान, म्हणजे मुठीलगतचा भाग, मऊ ठेवायचे. त्या मऊ मानेवर सगळ्यात शेवटी त्यांची खूण पडायची. खिळ्यानं मारलेले तीन ठिपके, त्रिकोणात. खूण पडली म्हणजे आप्पांनी ती सुरी हातावेगळी केली, आता त्यांचं नाव तिच्यावर.

घासणं, धार आणि मूठ एवढंच बाकी होतं. पण घासणं म्हणजे लोखंड काढणं. काढलेलं परत लावता येत नाही. आणि आता नवं पातं घडवणारा हात घरात नव्हता. ती पाती बिघडली असती तर आप्पांच्या हातचं काही उरलं नसतं.

चाचांचा निरोप आला, "भाई से हुआ तो ठीक, नै तो मैं दूसरा बंदोबस्त करतूं."

"मी करते," मी म्हणाले.

आप्पा खाटेवरून बघत राहिले. "तू? धार म्हंजी काय फळ्यावरचं गणित हाय व्हय?"

"गणितच आहे. बघा तुम्ही."

मे महिना होता. आमची साण, म्हणजे धारेचं दगडी चाक, मागच्या अंगणात लिंबाखाली आहे. माय डाव्या हातानं चाक फिरवायची, वर टांगलेल्या भोक पाडलेल्या डब्यातून पाणी ठिबकायचं, आणि मी पातं दाबून धरायची. ग्राइंडर भाड्यानं मिळत होतं. पण ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं की दिलेलं पाणी उतरतं, म्हणून मी ते आणलं नाही. सकाळी ऊन चढेपर्यंत, मग दुपारी झोपाळलेल्या अंगानं पुन्हा. दगडाचा आणि लोखंडाचा काळा चिखल मनगटावरून कोपरापर्यंत यायचा. रात्री जेवताना बोटं मिटायची नाहीत, घास निसटायचा. शेजारची चुलती कुंपणापाशी उभी राहून म्हणायची, "एवढं शिकलीस ते साण घासायला व्हय ग?"

"तुझी विळी पण आण काकू, घासून देते. शिकलेल्या हाताची धार बघ एकदा."

ती घेऊन आली, फुकट करून न्यायला. त्या घराची सवयच तशी.

पहिलं पातं झालं. बारीक दगडावर तेल टाकून घोळलं, चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर ओढलं, बाभळीची मूठ बसवली. आप्पांनी नखावरून धार फिरवली, कुठं अडकली नाही. पण खुणेचा खिळा काही काढला नाही. "आधी चाचाच्या हातात जाऊ दे," म्हणाले.

मी जीपनं कमलनगरला गेले. चाचांनी सुरी हातात तोलली, समोर लटकलेल्या रानेत, म्हणजे बकऱ्याच्या मांडीत, एकदा घातली, दुसऱ्यांदा घातली, आणि थांबले.

"बेटी, ये उन्नो नै घिसे."

"का? धार नाही?"

"धार तो है. भौत है. पन बाजू कू जातै."

त्यांनी मला सांगितलं ते असं. ते लोक जनावराच्या समोर सुरीला धार लावत नाहीत, त्याला दिसू द्यायचं नसतं. म्हणून सुरी घेतली की तीच, मध्ये थांबून दुरुस्ती नाही. ती जिथं लावली तिथूनच सरळ गेली पाहिजे. माझी सुरी त्यांच्या हातात डावीकडं ओढत होती. बाजारातली असती तर त्यांनी तशीच वापरली असती. पण मूठ आणि वजन आप्पांच्या सुरीचं, म्हणून त्यांचा हात तिच्यासारख्याच चालीची वाट बघत होता.

मी त्यांच्याकडून आप्पांची एक जुनी, झिजलेली सुरी मागून घेतली आणि परत आले. मला त्या दिवशी फार थकवा आला होता. जीपमध्ये दोन्ही सुऱ्या मांडीवर फडक्यात होत्या आणि मला उभ्यानंसुद्धा झोप लागली असती.

घरी येऊन मी शाळेची स्टीलची पट्टी काढली. आधी जुन्या सुरीच्या एका गालावर, म्हणजे पात्याच्या एका बाजूवर, टेकवली, मग दुसऱ्या. एका गालावर पट्टी सपाट बसत होती. दुसऱ्या गालाला पोट होतं, पट्टी डोलत होती. मग माझी सुरी. तिचंही तसंच, पण उलटं. जो गाल आप्पांचा सपाट, तो माझा फुगीर.

मी दोन्ही सुऱ्या शेजारी शेजारी धरून बघितल्या. मग कळलं. आप्पा डावरे, मी उजवी. हात ज्या बाजूला जोर देतो ती बाजू जास्त घासली जाते. आप्पांची प्रत्येक सुरी जरा उजवीकडं कललेली होती, आणि चाचांचं मनगट इतकी वर्षं तो कल सांभाळून चालत आलं होतं. मी आप्पांचंच बघून शिकले, पण आरशात बघितल्यासारखं.

आप्पांना दाखवलं. त्यांनी पट्टी स्वतःच्या उजव्या हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली.

"वाकडी? माझी सुरी वाकडी?"

"वाकडी न्हाई आप्पा. कललेली."

माय चाकापाशी बसली होती, हसायला लागली. "सगळा जन्म डाव्या हातानं काढला, आन् आता म्हणतेत, सुरी कलली कशी."

आप्पा हसले नाहीत. त्यांना ते लागलं होतं. उरलेल्या पात्यांकडं बोट करून म्हणाले, "ती सरळ घास. दोनी गाल सारखे."

"चाचांच्या हाताला ती चालायची न्हाईत. मी तुमच्यासारखीच घासणार."

"वाकडं कामून करायलीस? नीट करता येतंय तर नीट कर की. बी.ए. झालीस कशाला?"

"त्यावर तुमची खूण पडणार आहे. खूण बघून माणूस तुमची सुरी म्हणून उचलणार. मग ती तुमच्यासारखीच चालली पाहिजे."

"मग खूण न्हाई मारायची." त्यांनी खुणेचा खिळा कोनाड्यातून मागवून घेतला आणि उशीखाली ठेवला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मायच्या तोंडून बोलायचे, "तिला सांग पाणी दे," आणि मी समोरच उभी असायची.

मी घासत राहिले. साण फिरवून घेतली, मायला पलीकडं बसवलं, मी आप्पांच्या जागेवर बसले आणि डाव्या हातानं दाबायला लागले. आधी घरातलं आणि शेजारचं सगळं घासलं, विळी, विळे, तुटकी कात्री, ज्यांचं बिघडलं तरी चालेल असं. चुलतीची विळी दुसऱ्यांदा घासली. डावा हात काही केल्या ऐकत नव्हता. पातं हातातून उडून लिंबाच्या बुंध्यात रुतलं एकदा. माय म्हणाली, "झाडाला कशाला मारतीस, त्यानं काय केलंय." अंगठ्याच्या मुळाशी फोड आला, फुटला, त्यावर दुसरा आला. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते आणि यंदा बोलावणं येईल की नाही तेही माहीत नव्हतं. कधी कधी वाटायचं, सरळ घासून टाकावीत, बाजारात जाऊन बसावं, कोणीही घेईल. पण ती आप्पांची पाती होती.

मग गोणपाटातलं एक पातं घेतलं. जो गाल सपाट हवा त्यावर पट्टी टेकवली, डोलली, पुन्हा घासलं. शेवटी पट्टी जुन्या सुरीवर बसायची तशीच माझ्या पात्यावर बसली.

त्याच आठवड्यात चाचा स्वतः आले, आप्पांना बघायला, द्राक्षांची पिशवी घेऊन. अंगणात बसले, चहा घेतला. मी सुरी पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली, हवेतच मनगट एकदा वळवलं.

"हौ," म्हणाले. "ये तुमारी है, भाई."

"माझी न्हाई. पोरीची हाय," आप्पा म्हणाले. "आन् माझी तर वाकडी निघाली. पट्टी लावून दाखवली तिनं."

"वाकडी?" चाचांनी आप्पांकडं बघितलं. "सीधी छुरी बाजार में भौत मिलती. मेरेकू वो नै होना, तुमारी होना. मेरे दोनो बेटे इसीपे सीखे. अब तुम सीधी देंगे तो हम सब घर के लोगां वापस से सीखना क्या? इस उमर में?"

चाचांनी द्राक्षं पुढं केली. आप्पांनी एक उचललं, तोंडात टाकलं, मग मायकडं न बघता म्हणाले, "तिला सांग, बाकीची पण करून टाक म्हणावं."

"तिलाच सांगा की. समोर हाय ती," माय म्हणाली.

"व्हय. करून टाक."

उरलेली पाती मी केली. फार काही सांगण्यासारखं नाही त्यात. उठायचं, डबा भरायचा, चाक, पट्टी, चाक, बारीक दगड, चामडं, मूठ. मायचा खांदा दुखला की आम्ही थांबायचो, माझा हात सुन्न झाला की थांबायचो. एकेक सुरी फडक्यात गुंडाळून कोनाड्यात जात होती आणि गोणपाट रिकामं होत होतं.

शेवटची झाली त्या सकाळी आप्पांनी उशीखालचा खिळा काढला. ऐरण अंगणातच होती, मी ती खाटेजवळ ओढली. डावा हात त्यांच्या मांडीवर पडलेला. उजव्या हातानं त्यांनी खिळा सुरीच्या मानेवर उभा धरला, मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला.

"मार," म्हणाले. "जोरानं न्हाई. एकच."

मी हातोडा मारला. एक ठिपका. खिळा सरकवला, दुसरा. तिसरा जरा बाजूला गेला, त्रिकोण थोडा लांबट झाला. आप्पांनी बोट फिरवून बघितलं आणि पुढची सुरी मागितली.

पहिली सुरी, जी मी उलटी घासली होती, ती घरातच राहिली. तिच्यावर खूण नाही. माय तिनं कांदा चिरते आणि कांदा एका बाजूला पातळ होतो म्हणून कुरकुरते.

भट्टी परत पेटली नाही. जूनमध्ये शाळेचं बोलावणं आलं, उशिरा, पण आलं. सुट्टीच्या दिवशी मी साणेवर बसते. चाचांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या सुऱ्या धारेसाठी आमच्याकडंच येतात, आणि त्या मी डाव्या हातानं घासते. बाकी गावाचं उजव्या हातानं.

आप्पांनी घडवलेली शेवटची पाती त्या बकरीदच्या आधी सुऱ्या होऊन गेली. गेलेल्या सगळ्यांवर त्यांची खूण आहे. त्या मी पूर्ण केल्या.