नवी कोरी मशीन

मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या बॅगेत स्क्रूपेक्षा किस्सेच जास्त साठतात. स्क्रू निदान हरवतात तरी!

मी बेला गावच्या गुरुजींची मुलगी. परदेशात बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकले, देशोदेशीच्या लहान दवाखान्यांना मशीन पुरवणाऱ्या संस्थेत लागले आणि हट्टाने तेलंगणातला आपलाच आदिलाबाद जिल्हा मागून घेतला. वाटलं होतं, धुळीने, उन्हाने, व्होल्टेजने मोडलेल्या मशीन माझी वाट पाहत असतील. हायवेलगतच्या पहिल्याच दवाखान्यात पाहते तर एकही मोडलेली नाही. सगळ्या प्लॅस्टिकमध्ये, स्टोअररूममध्ये, कुलपाआड!

स्टोअरकीपर मेश्रामकाका अभिमानाने म्हणाले, "वापरली का बिघडते, पोरी. हे ऑक्सिजनची मशीन पाह्य. तीन वर्सं झाले, एक ओरखडा नाई!"

*

बाळांना ऊब देणारी मशीन मी भांडून वॉर्डात आणवली. दुसऱ्या दिवशी तिच्या अलार्मवर चिकटपट्टी! लक्ष्मीसिस्टर घरच्या तेलुगू, मराठी इथेच शिकलेल्या. म्हणाल्या, "मॅडम, बाळ रडते, आई रडते, आता मशीनपण रडते. मी कोणाला उचलू?"

*

दसऱ्याला सिस्टरनी मशीनची पूजा केली. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा असतो, त्याच्या नेमक्या सेन्सरवर कुंकू! दिवसभर जो बोट घालेल त्याचा ऑक्सिजन कमी. डॉक्टरांचासुद्धा!

काका सोडतात होय? "आमी कुंकू नाई लावत, सिस्टर. आमी कव्हर लावतो!"

*

संस्थेने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ऑक्सिजनची मशीन किती वेळा बंद पडली?"

"एकदाही नाही."

टाळ्या! ती सुरू कधी झाली, हे कोणी विचारलं नाही. फोटो मागितला. काकांनी फोटोपुरतं प्लॅस्टिक काढलं आणि माझा मोबाइल खिशात जायच्या आत परत चढवलं.

*

मग एका दुपारी नुकतंच जन्मलेलं बाळ निळं पडायला लागलं. वॉर्डातली जुनी ऑक्सिजनची मशीन नुसतीच घरघरत होती. नवी स्टोअररूममध्ये, किल्ली काकांच्या खिशात आणि काका बोथ गावी लग्नात!

बाळाच्या मावशीने विचारलं, "काऊन, दुसरी मशीन नाई का?"

"आहे."

"मंग?"

मी दगड घेऊन कुलपावर तुटून पडले. कुलूपही जपून ठेवलेलं, नवं कोरं! हलेना. लक्ष्मीसिस्टर हातातला फुगा दाबून दाबून बाळाला श्वास देत राहिल्या.

फोन गेल्यावर अर्ध्या तासाने काका मोटरसायकलवर आले. डोक्यावर अक्षता, हातात किल्ली. दार उघडलं, मशीन ओढली आणि सवयीने रजिस्टर पुढे केलं, "अगोदर सही!"

सिस्टर तेलुगूत जे बोलल्या, त्याचं भाषांतर मी करणार नाही.

मशीन सुरू झाली. हळूहळू बाळ गुलाबी झालं आणि असं ठणाणा रडलं की सिस्टरही रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्टोअररूम उघडली आणि चहाला गेले. मी बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला.

काका परतले. "दार कुठी गेलं?"

"दुरुस्तीले."

"काऊन? काय झालं होतं त्याले?"

"बंद होऊन राह्यलं होतं, काका. अगोदर सही करा!"