उतारावरचे दाजी

जगातलं कुठलंही काम आपल्याला येतं, अशी दाजींची ठाम समजूत होती. गॅसची शेगडी असो, वरातीतलं लेझीम असो की शेजाऱ्याच्या म्हशीचं बाळंतपण, दाजी अस्तन्या सरसावून पुढे. त्यांनी दुरुस्त केलेली शेगडी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जायची, हा भाग वेगळा. आता बदली होऊन ते गुजरातेत गेलेत, म्हणून भूतकाळात लिहितोय. बाकी माणूस ठणठणीत आहे.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ते मशीन शॉपचे सुपरवायझर होते. दिवसभर मशिनींवर ओरडून बोलायची सवय. उचगावच्या घरी बायकोच्या कानात काही सांगायला लागले, तरी अख्ख्या गल्लीला कळायचं. ती बायको म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. तिलाच तेवढं त्यांना गप्प बसवता यायचं.

आक्का आजारपणात गेली. मूलबाळ नव्हतं. दाजी दिवाळीला, यात्रेला आमच्याकडे येत राहिले, पण चहा घेतला की उठायचे. आई त्यांच्या पाठमोऱ्या गाडीकडे बघत म्हणायची, "लेकच न्हाय तर जावई किती दिस आपला म्हणायचा?" खरं सांगायचं तर दाजी आमच्यापासून तुटतील, ही भीती मलाही होती. आक्कामागे तिचं म्हणून एवढं एकच माणूस उरलं होतं.

असं सगळं असताना एके दिवशी त्यांचा फोन आला. "पावणं, रविवार मोकळा ठेवा. डोंगरात सायकल मारायला जायाचं हाय."

कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांकडून त्यांनी दोन माउंटन बाईक मागून आणल्या होत्या. मी विचारलं, "दाजी, तुम्ही कधी चालवलीया व्हय डोंगरात?"

"सायकल ती सायकल. डोंगर काय तिला खातोय?"

रविवारी पहाटे टेम्पोत सायकली घालून निघालो, तो दाजींनी पहिला थांबा घेतला दूधकट्ट्यावर. डोळ्यांदेखत म्हैस पिळून घेतली आणि फेसाळतं धारोष्ण दूध माझ्यापुढे धरलं. मी एका ग्लासावर थांबत होतो. "दुधावरचा गडी पडत न्हाय," असं म्हणून त्यांनी दुसरा पाजला. अस्सल कोल्हापूरकराशिवाय ही चूक कुणी करणार नाही. शाहूवाडीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर टेम्पोनं ते दूध घुसळलं, आणि दगडधोंड्यांच्या पायवाटेवर सायकलीनं उरलंसुरलं काम पुरं केलं. पहिल्या चढाला माझ्या पोटात लोणी यायच्या बेतात होतं.

दाजींचं व्याख्यान मात्र चालूच होतं. शॉकअप म्हणजे काय, गिअर कधी टाकायचा, उतारावर बूड सीटवरनं का उचलायचं. "आन् पुढचा ब्रेक म्हंजे व्याही. मान द्यायचा, पर एकदम अंगावर घ्यायचा न्हाय!" एवढं सांगून ते उताराला लागले, व्याह्याला करकचून मिठी मारली आणि हँडलवरून थेट करवंदीच्या जाळीत गेले. मी धावत पोचलो. जाळीतून आवाज आला, "बघितलंस? असं पडायचं न्हाय. म्हणून पडून दावलं."

बांधावर गवत कापणारी एक मावशी विळा थांबवून बघत होती. "पावणं, रस्ता तिकडं हाय की वो!"

"ठावं हाय मावशी. रस्ता सोडूनच आलोय आमी."

त्यांच्या अंगातले काटे काढून पुन्हा निघालो. हळूहळू जमायला लागलं. पायडलवर उभा राहिलो, हातांची मूठ सैल केली, तेव्हा सायकल आपणहून दगडांतून वाट काढायला लागली. आक्का गेल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसत होतो.

शेवटच्या उताराच्या माथ्यावर दाजी थांबले. पाणी प्यायले, घाम पुसला, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "गडहिंग्लजकडची एक बाई हाय. नवरा वारलाय तिचा. लगीन करावं म्हंतोय."

मी सायकल दगडाला टेकवून त्यांच्याकडे वळलो.

"घरात बोलायचं म्हटलं तर माझा आवाज असला. गल्लीला कळून तुझ्या आईच्या कानावर जायाचं. म्हणून तुला हितं आणलं. तू न्हाय म्हणलास तर इषय हितंच मिटला. मला तुमचं दार सुटाय नको."

काळजात कळ आली, हे लपवत नाही. आक्काच्या स्वयंपाकघरात दुसरं कुणीतरी उभं राहणार होतं. पण हा माणूस लग्न करायला घाबरत नव्हता, आम्हाला मुकायला घाबरत होता. "आईला मी सांगतो," एवढंच मी म्हणालो.

घरी आई मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि हातातली जुडी बाजूला ठेवली. मग विचारलं, "तिला आईबाप, भाऊ कोण हाय काय?"

"कोणी न्हाय म्हणं."

"मग ती माझीच लेक. लेकीच्या जागी आलेली लेकच असती. साडी माझी, वटी मी भरणार. आन् भावाच्या मानाला तू उभा ऱ्हा."

लग्न देवळात झालं, मोजक्या माणसांत. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, तो मान माझ्याकडे आला. आक्काच्या लग्नात शाळकरी वयात मी हाच कान पिळला होता. आता हात लावला आणि मला काही दिसेनाच.

"पिळा की जोरात, पावणं!" दाजींचेही डोळे वाहत होते, पण आवाज पार देवळाबाहेर गेला. "सासुरवाडी तीच ऱ्हायली की माझी!"