धुतलेल्या सदऱ्याला दादूसचा वास

भूतबित मी मानत नाही, हे सगळ्यात आधी टाइप करून टाकते, म्हणजे नंतर कुणी हसायला नको. वाडीत कुणी असलं काही बोललं की टिंगल करायला मीच पुढे. पण हे मी स्वतः हुंगलंय... आणि वासाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

का ते सांगते. रेवदंड्याच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. दारातच बोंबील वाळत घातलेले. मी अलिबागला टायपिंगच्या क्लासला जाते. सुरुवातीला मी बाकावर बसले की शेजारच्या पोरी नाकाला पदर लावायच्या — "आज बोंबील की सुकट गं?" तेव्हापासून आमची आय कपड्यांच्या मागे हात धुऊनच लागली. तिची रीत ठरलेली. शेवटचं पाणी गोड्या विहिरीचंच, कारण मीठ राहिलं की कापड ओल धरतं आणि कुबट मारतं. वाळवायचं घरामागे, म्हावऱ्यापासून लांब. घडी घालायची ती कापड निवल्यावरच. मग पत्र्याच्या ट्रंकेत, मध्ये केवड्याचं पान. ट्रंक उघडली की गणपतीसमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी माझा मोठा भाऊ, आमचा दादूस, एकटाच छोटी होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडी हरिहरेश्वरच्या बाजूला लागली... रिकामी. दादूसचं काहीच मिळालं नाही.

आमच्या घरात दर्यावर गेलेल्या माणसाचा एक सदरा धुऊन तयार ठेवतात. "येनारा वलाच येतंय," आय म्हणते, "त्याला सुकं कापड नको?" तसा दादूसचाही ट्रंकेत होता. दर पुनवेला, दर्याला उधाण असतं तेव्हा, तो काढून हुंगायचा, ऊन दाखवायचं, परत ठेवायचा.

तो गेल्यानंतरच्या पुनवेला वैनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ट्रंक उघडली. माझा परकर केवड्याचा, आयचं लुगडं केवड्याचं. सदरा मात्र दमट. मी बाही जिभेला लावली — खारट.

"तूच नीट खळबळला नसशील गो," आय मला म्हणाली. "लक्ष सगळं त्या मशीनीत."

वैनीने परत धुतला. पुढच्या पुनवेला परत तेच, आणि आता गळ्याला घाम, विडी, होडीला चोपडतात त्या तेलाचा वास. खाऱ्या हवेने कापड खारं होईल, मान्य. पण न घातलेल्या कापडाला घातल्याचा वास कसा येईल? वैनीने सदऱ्यात तोंड खुपसलं.

"ह्यो त्याचाच वास हाय."

मी ट्रंकेला कुलूप लावलं. एकच चावी, माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात, आंघोळीलासुद्धा काढली नाही. फरक शून्य.

तेवढ्यात वैनीचा बाप उरणहून आला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, पण आधी गेलेल्याचे दिवस घालायला लागतात. "मिठागरावरचा मानूस हाय, चांगला हाय," तो म्हणाला. "तू धड सवाष्ण नाय, धड रांड नाय. अशी किती दिस लटकनार पोरी?"

"बाबा, ज्याचा घाम मी दर महिन्याला धुतंय, त्याला मेला कसा म्हनू?"

बाप चहा न घेताच गेला. आय खूश. पण वैनी वाळत चालली... पुनव जवळ आली की जेवायचीच नाही. वर्ष असंच गेलं. मग एका पुनवेला तिने सदरा हुंगला आणि तसाच, न धुता, घडी घालून परत ठेवला.

"अगो, धू तरी," आय म्हणाली.

"येतंय, घालतंय, जातंय. माझ्याशी एक शब्द नाय. मी बायको हाय का धोबीन?"

मी कुलूप लावलं.

पुढच्या पुनवेला ट्रंक उघडली... सदरा स्वच्छ. खारा नाही, घामाचा नाही, गोड्या पाण्यातून काढल्यासारखा. आणि वैनीने घातलेली घडी नव्हतीच. होडीवर जागा कमी म्हणून आमचे पुरुष कपडा घट्ट गुंडाळून कोपऱ्यात खुपसतात ना — तशी गुंडाळी.

वैनी ती मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "त्यानं त्याचं धुतलं." आणि गुंडाळी ट्रंकेत ठेवून, "आये, बाबाला निरोप धाडा."

दादूसचे दिवस घातले. दिवाळीनंतर वैनी उरणला गेली. जाताना आयच्या पाया पडली. आयने डोक्यावर हात ठेवला नाही.

"तूच धुतलास," आय मला म्हणते. "तिला वाट मोकळी करून द्याला." मी दर्याची शपथ घेतली, तरी तिला पटत नाही. कौलं तपासली, ट्रंकेचा तळ तपासला, कुलूप ओढून बघितलं, काहीच सापडलं नाही. क्लासच्या सरांना सगळं सांगितलं तर म्हणाले, हवेतला दमटपणा. दमटपणा विडी ओढतो का? मला अजूनही काहीच कळलेलं नाही, वाचणाऱ्यांनी हवं ते समजावं.

सदरा आता आय धुते. पुनवेला मला ट्रंक उघडायला लावते. आधी गळा हुंगते, मग एक बाही, मग दुसरी. नुसता केवडा. "कायच नाय," म्हणते... आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहते.