जाऊबाईंच्या बोटापर्यंत न पोचलेलं औषध

आमच्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, शेजारणींचे परकर, हाती येईल ते. तोंड सुईपेक्षा टोकदार, पण काज असे करतात की बघत राहावं. मोठे दीर गेल्यापासून त्यांचं घर त्या मशीनवरच चाललंय.

मागे मशीनची सुई तर्जनीत शिरून मोडली. तुकडा स्वतःच चिमट्याने उपसला, चिंधी गुंडाळली आणि कामाला लागल्या. बोट टम्म फुगलं तेव्हा मी हट्टाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिल्या. तरी सूज उतरेना, उलट लाली तळहातावर सरकायला लागली. मी सारखं देवाचं नाव घेत होते, पण मन काही थाऱ्यावर नव्हतं.

पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली. लाली रेघेबाहेर गेली तर तडक निघून या, म्हणाल्या. हाडात पू भरला तर पेर कापावं लागेल, हेही सांगितलं. जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"कॅप्सूल कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर, पेलाभर. औषध उष्ण पडतं ना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हे औषध पोटातून रक्तात उतरतं आणि रक्ताबरोबर बोटापर्यंत जातं, असं त्यांनी समजावलं. पण दुधातलं कॅल्शियम त्याला पोटातच धरून ठेवतं, मग बरंचसं तसंच बाहेर पडतं. जे थोडं रक्तात गेलं, तेही मूत्रपिंडं गाळून टाकतात. हाडाच्या वाट्याला उरणार काय?

"सापाला दूध पाजू नये म्हणतात," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "मी जंतूंना पाजत बसले."

एरवी मी हसले असते.

त्या दिवशी औषध शिरेतून दिलं, म्हणजे पोटाची वाटच नको. पुढे कॅप्सूल नुसत्या पाण्याबरोबर, वेळ न चुकवता घ्यायच्या आणि दूध त्यांच्या आसपासही नको, असं बजावलं.

घरी जाऊबाई हात उशीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. "तूच बघ गं. बाहेर गेली असेल तर मला सांगू नकोस, सरळ रिक्षा बोलव." मी बघायची, आणि बघण्याआधी डोळे मिटून हात जोडायची. संध्याकाळी लाली रेघेला टेकलेलीच होती. सकाळी एका बाजूने किंचित आत आल्यासारखी वाटली. खरंच आली होती की मला हवं तेच दिसत होतं, देव जाणे.

मग दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पेर दाबलं. जाऊबाई कळवळल्या. हाडाचा फोटो काढून बघायचा, पण पेर बहुधा वाचेल, म्हणाल्या.

घरी आल्यावर जाऊबाईंनी झाकलेल्या मशीनकडे पाहिलं. "बहुधा म्हणजे किती गं?"

मी भांड्यात पाणी ओतलं आणि कॅप्सूल त्यांच्या डाव्या हातावर ठेवली.