पाहुणे येईपर्यंत

माझ्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाची गोष्ट माझा दादा फार रंगवून सांगायचा. लग्नामुंजीत सांगायचा, पंगतीत सांगायचा, नातवंडांना घास भरवताना सांगायचा. त्यात माळ असायचा, पिवळं विमान असायचं आणि खाली जीव मुठीत धरून उभा असलेला तो स्वतः असायचा. सांगत होता त्यातलं काही खोटं नव्हतं. जे तो सांगत नसे तेवढं मी लिहिते आहे. भीड धरायचं माझं वय केव्हाच सरलं.

आम्ही वाईचे. वडील मी लहान असतानाच गेले, आई होती, पण मला वाढवलं ते दादानेच. घाटावर पोहायला त्यानेच शिकवलं. वाळका भोपळा पाठीला बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं, ही आमच्याकडची रीत. एकदा मी मजेत हातपाय मारत कृष्णेच्या मध्यापर्यंत गेले, मागे वळून पाहते तर भोपळा दादाच्या हातात. मला न सांगता त्याने गाठ सोडली होती. मी घाबरून चार घोट पाणी प्याले, मग पोहतच त्याच्यापाशी आले आणि त्याच्या दंडाला कडकडून चावले. पण त्या दिवसापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

लढाई संपली तेव्हा दादा माधवनगरच्या एका गिरणीत विणखात्यावर देखरेखीला होता, आणि मी त्याच्या बिऱ्हाडी राहून सांगलीला कॉलेजात जात होते. गिरणीच्या मालकांना विमानांचा भारी शौक. लष्कराने मोडीत काढलेलं एक दोन जणांचं विमान त्यांनी विकत घेतलं, गावाबाहेरच्या माळावर पत्र्याची शेड उभारली आणि विमान शिकवायचा वर्ग काढला. शिकवायला लढाईत विमान चालवलेले एक पंजाबी गृहस्थ आणले. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. वर्गात माझं नाव दादाने आपण होऊन घातलं. वहिनी म्हणाली, "उद्या हिला करून कोण घेईल?" दादा हसला. मला म्हणाला, "तू एकदा एकटी उडून दाखव. मग परवाना काढू, रात्रीचं उडणंसुद्धा शिक. मी आहे ना."

मला परवाना हवाच होता, पण त्याहून ओढ होती ती रात्रीच्या उडण्याची. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावरून नदीत सोडलेले दिवे मी लहानपणी डोळे दुखेपर्यंत बघत बसायची. दिवे लागलेलं अख्खं गाव वरून कसं दिसत असेल, हे एकदा बघायचं म्हणून मी विमानात बसले, असं म्हटलं तरी चालेल.

विमानात साहेब पुढे बसत, मी मागे. मध्ये बोलायला एक रबरी नळी. उडायचं, माळाला एक चौकोनी फेरी घालायची, उतरायचं, पुन्हा उडायचं. असं करता करता एखाद्या दिवशी उतरल्यावर शिकवणारा खाली उतरतो, आपल्या बैठकीचे पट्टे नीट आवळून बांधतो म्हणजे ते विमान वळवायच्या दांड्यात अडकायला नकोत, आणि म्हणतो, जा. त्याला सोलो म्हणायचं. तो दिवस कोणता हे आधी कोणी सांगत नाही आणि विचारायचंही नसतं. शिकणारा तयार झाला हे शिकवणाऱ्याला दिसतं, एवढाच त्याचा मुहूर्त.

नवरात्रात माझं उतरणं चांगलं जमू लागलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. पण साहेब काही खाली उतरेनात. एक दिवस वारा आडवा, एक दिवस इंजिनाचा आवाज बरोबर नाही, एक दिवस माळावर मेंढरं. "आज नहीं बेटी, कल देखेंगे," म्हणायचे आणि माझ्याकडे न बघता सिगारेट पेटवायचे. मालकांचा पुतण्या वर्गात माझ्यामागून आला होता. तो विमान उतरवायचा की आपटायचा हे सांगणं कठीण, पण तोसुद्धा दसऱ्याच्या आसपास एकटा उडाला आणि त्याचे पेढे मला खावे लागले. वहिनी म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." म्हणाली आणि जीभ चावली. मला वाटलं, माझं मन दुखावलं म्हणून.

आपलंच काहीतरी चुकतंय हे मी मनाशी धरून बसले. संध्याकाळी स्वयंपाकघरात विमानातल्या पायपट्ट्या समजून दोन पाट उलटे टाकून त्यांवर पाय ठेवायचे, दांडा म्हणून गुडघ्यांत लाटणं उभं धरायचं आणि डोळे मिटून विमान उतरवायचं. दादा गिरणीतून येताना भडंगाचा पुडा आणायचा, माझ्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "अगं, लाटणं इतकं ओढू नकोस, हळू." एका संध्याकाळी मी लाटणं भिंतीवर फेकलं आणि ढसाढसा रडले. म्हटलं, मला नाही जमायचं हे, साहेबांना माझा भरवसाच नाही. दादाने माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाला, "होईल गं. धीर धर. तुझा दिवस येईल." मग स्वतःच्या हाताने मला भडंग भरवलं. तो हात मला आजही पाठीवर कळतो आणि अंगाचा तिळपापड होतो.

दिवाळी झाली. सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनीने नवं जांभळं पातळ माझ्यापुढे ठेवलं. मी एरवी दादाची जुनी विजार आणि सदरा घालून उडायची. वहिनी म्हणाली, आज फोटो काढायचाय. माळावर गेलो तर शेडच्या सावलीत खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर तीन-चार अनोळखी माणसं. दादा म्हणाला, "गिरणीचे पाहुणे आहेत, साताऱ्याचे."

साहेबांबरोबर एकच फेरी झाली. उतरलो, आणि इंजिन चालू असतानाच साहेब खाली उतरले. त्यांनी पुढच्या बैठकीचे पट्टे आवळले, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जाओ."

पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, समोर रिकामी बैठक, तिच्यापलीकडे सगळं आभाळ. साहेबांचं वजन नसल्यामुळे विमान असं झटकन उचललं की माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं, ते ऐकायलाही कोणी नव्हतं. मी मोठ्याने हसले. खाली उसाचे हिरवे तुकडे, गिरणीचं धुराडं, लांब नदीचं वळण. मी भीमरूपी म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच विसरले. उतरताना विमानाने एकदा टुणकन उडी घेतली, मग चाकं जमिनीला टेकली ती टेकलीच. आयुष्यात इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतर तर नाहीच.

माळाच्या रखवालीला जतकडचा एक धनगर होता. लढाईत जाऊन आलेला. विमानाचा पंखा फिरवून देणं, मेंढरं हाकणं, कंदील पुसणं, सगळं तोच करायचा. चाकांखाली ठोकळे सारत तो म्हणाला, "ताई, झ्याक झालं. पाव्हणं लय खूश हायती. पोरगी धीट हाय म्हणत्यात."

"कुठले पाहुणे?"

"आवं, तुमास्नी बघाया आल्यात न्हवं ते."

मी तशीच शेडकडे गेले. वहिनीने माझा पदर कमरेतून सोडून डोक्यावर दिला आणि पोह्यांचं ताट हातात ठेवलं. केसांत पेट्रोलचा वास, कानात इंजिनाची घरघर, आणि मी पोहे वाटत होते. मुलगा साताऱ्यात नवीन वकील झालेला. तो बिचारा मान खाली घालून बसला होता. त्याच्या आईने विचारलं, शिवणटिपण येतं का. त्याच्या काकांनी पोह्यांचा घास तोंडात असतानाच विचारलं, "उतरताना ती एक उडी मारलीत, ती मुद्दाम का?" मी म्हटलं, "नाही, चुकून." "हरकत नाही," ते म्हणाले, "संसारात पडल्यावर सुधारते." सगळे हसले. मग त्या बाई दादाला म्हणाल्या, "पण आता हे बास, हं."

दादा म्हणाला, "बासच. एकदा एकटीने उडायचं, एवढाच तिचा हट्ट होता. पुरवला."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. बोलले काहीच नाही. आज मला त्याचाच राग येतो. तोंड तर मला तेव्हाही होतं.

आठवड्याच्या आत होकार आला. आईने वाईहून निरोप धाडला, तिला पुरतंच आकाश ठेंगणं झालं होतं. मी रडले, भांडले, पण मनात एक गोष्ट घट्ट धरून होते: काही झालं तरी सोलो माझा आहे. साहेबांना मी तयार दिसले आणि ते खाली उतरले, त्यात ह्यांचा कोणाचा हात नाही. योगायोगाने त्याच दिवशी ही मंडळी येऊन टपकली. असं मी मला समजावलं.

वाईला जायच्या आधी मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला एकदा रात्रीचं वर न्या. तेवढं करा, पुन्हा काही मागणार नाही. त्यांनी हातातली सिगारेट विझवली आणि ते हो म्हणाले.

कार्तिकातला अंधार लवकर पडतो. रखवालदाराने माळावर रॉकेलच्या कंदिलांची लांब रांग मांडली. आम्ही वर गेलो. जमीन नव्हतीच, नुसता काळोख, आणि त्यात दिवे. सांगलीचे विजेचे दिवे दाटीने, पलीकडे मिरजेच्या स्टेशनातले लाल-हिरवे सिग्नल, खेड्यांत कुठे कुठे एखादी चिमणी. अगदी खाली आमच्या गिरणीच्या खिडक्यांची पिवळी रांग. दादाची त्या दिवशी दुसरी पाळी होती. त्या उजेडात तो कुठेतरी उभा असणार. त्रिपुरीचे दिवे बघताना वाटायचं तसंच मला वाटलं, आणि तेवढ्यात नळीतून साहेबांचा आवाज आला. त्यांचं हिंदी मी मराठीत लिहिते.

"बेटी, एक सांगायचं आहे. तू दसऱ्याच्या आधीच तयार होतीस. तुझा भाऊ आला होता माझ्याकडे. म्हणाला, मुलाकडचे दिवाळीच्या सुट्टीत यायचेत, तोवर तिला एकटी सोडू नका. एकदा उडाली की पुढचं मागेल, मग आवरायची नाही. ते आले की त्यांच्यासमोर सोडा. मालकांनीही भीड घातली. मी ऐकलं. मी ऐकायला नको होतं."

त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, मला त्यांचं. म्हणूनच तिथे वर बोलले असावेत. गिरणीच्या खिडक्या पंखाखाली जाईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले. कोणी परक्याने फसवलं तर माणूस शिव्या तरी देतो. इथे गळा कापला होता तो केसाने, आणि तोंडात भडंग भरवून.

उतरायची वेळ आली तशी पुढच्या बैठकीतून साहेबांनी दोन्ही हात वर केले, कंदिलांच्या उजेडात मला स्पष्ट दिसतील असे. दांड्याला त्यांचं बोटही लागलेलं नव्हतं. ते हात त्यांनी चाकं थांबेपर्यंत खाली घेतले नाहीत. विमान असं अलगद टेकलं की टेकल्याचं मला आवाजावरून कळलं. त्या उतरण्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि बघायला साताऱ्याचे ते काकाही नव्हते.

दादा पाळी संपवून आला तेव्हा मी दारातच बसले होते. म्हटलं, "मी लाटणं घेऊन रडत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

तो चपला काढायचा थांबला. मग म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केलं ना. आणि शेवटी उडालीसच की."

"भोपळा सोडलास तेव्हाही सांगितलं नव्हतंस," मी म्हटलं. "पण तेव्हा मला पोहता येतं हे तू मला दाखवलंस. ह्या वेळी मला येत होतं, आणि येत नाही असं मला वाटू दिलंस. रोज संध्याकाळी."

"कसला भोपळा?" तो म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हता.

लग्न झालं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी माझा संसार झाला. नवरा चांगला होता. त्याने माझं कधी काही हिरावून घेतलं नाही, त्याच्या हाती येण्याआधीच सगळं घेऊन झालं होतं. साहेब देशाच्या फाळणीत कुठे गेले कळलं नाही. माळावरचा वर्गही पुढे बंद पडला.

दादा थकल्यावर मी त्याला भेटायला सांगलीला गेले होते. नातवंडांना त्याने ती गोष्ट पुन्हा सांगितली, पिवळ्या विमानासकट. सांगून झाल्यावर भडंगाची ताटली माझ्याकडे सरकवली आणि अगदी मायेने विचारलं, "का गं, इतकं छान जमत होतं तुला. परत कधी का नाही उडालीस?"

मी म्हटलं, "पाहुणे कुठे होते बघायला?"

तो खदखदून हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "ऐकलंस का, ही काय म्हणते?" वहिनी दारात आली. तिने ऐकलं होतं. ती हसली नाही. माझ्यासमोरची भडंगाची ताटली तिने उचलली आणि आत नेली.